मदत हवी आहे: अ‍ॅस्बेस्टॉसमुळे मेसोथेलिओमा, कारखाना बंद, जुनी नोंद कुठे मिळेल?

बाबांना (वय 62) छातीच्या आवरणाचा मेसोथेलिओमा (एक प्रकारचा कॅन्सर) निघालाय. 1988 ते 2012 ते सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसची पोती फोडायच्या खात्यात होते. धूळ श्वासातून आत गेल्यावर हा आजार वीस-चाळीस वर्षांनीही उभा राहतो, त्यामुळे नोकरी सोडून बरीच वर्षं झाली हा मुद्दा कृपया काढू नका.

आधी छातीत पाणी झालं म्हणून टीबीच्या गोळ्या दोन महिने झाल्या. मग दुर्बिणीतून बायोप्सी, त्यात मेसोथेलिओमाचा एपिथेलिऑइड नावाचा प्रकार निघाला. ऑपरेशन जमणार नाही म्हणाले, पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही केमो सुरू आहे. उपचारांबद्दल विचारत नाहीये. सिगारेट कधीच ओढली नाही (तसाही या आजाराचा तिच्याशी संबंध नाही, पण सगळे हेच विचारतात).

प्रश्न भरपाईचा. कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात (कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी) हा आजार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानुसार कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा सोडल्यापासून 15 वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवायची आहे. म्हणजे आमची 2028 पर्यंत हवी. पण कारखाना बंद, मालक बदललेले, पत्राला उत्तर नाही.

हाताशी पीएफची स्लिप, ईएसआयचं जुनं कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट आहे. पगाराच्या पावतीवर खात्याचं नाव नाही, आणि तिथेच घोडं अडलंय.

वकिलाची फी आत्ता झेपणार नाही. कुणी असा दावा लावला असेल तर सांगा: कारखाना बंद असताना ती आरोग्य-नोंद कुठल्या कार्यालयातून मागायची, आणि ती नाहीच मिळाली तर सोबतच्या कामगारांची प्रतिज्ञापत्रं चालतात का?