पाणी आधी कुठून शिरलं? पावसात आणि थंडीत बाइक चालवणाऱ्यांचे अनुभव

गेल्या जुलैत कोल्हापूरहून सावंतवाडीला निघालो होतो, आजरा-आंबोलीमार्गे. अंगात चांगलं रायडिंग जॅकेट होतं. खांद्याला, कोपराला गार्ड आणि आत चेनने लावायचं पाणी न शिरणारं अस्तर. आजरा सोडलं आणि पावसाने जी झोड धरली ती आंबोलीपर्यंत सोडली नाही. आतला शर्ट कोरडा होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण आंबोलीच्या टपरीवर उतरलो तेव्हा दातावर दात वाजत होते आणि हेल्मेटचा पट्टा मला स्वतःला सोडवता येईना. चहावाल्याने सोडवला.

शर्ट कोरडा असूनही हुडहुडी का भरली, हे मला नंतर उमगलं. अस्तर आत असतं, म्हणजे पाऊस बाहेरच्या जाड कापडात मुरतो. ते कापड दोन-तीन किलो पाणी पिऊन बसतं, त्यावर साठच्या वेगाचा वारा लागतो, पाण्याची वाफ होत राहते आणि ती वाफ अंगातली ऊब ओढून नेते. माठातलं पाणी जसं गार होतं, तसा मी गार होत होतो. पुढे घाट उतरताना एका वळणावर ब्रेक दाबायला बोटं उशिरा वळली. एसटी समोरून येत होती. काही झालं नाही, पण तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी हौसेचा राहिला नाही.

म्हणून हा धागा. जॅकेट कितीला घेतलं यापेक्षा हे सांगा: कुठला रस्ता, किती तास, अंगावर काय होतं, पाणी किंवा वारा आधी कुठून शिरला, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं. मी स्वतः बदललं ते एवढंच, की आतलं अस्तर काढून घरी ठेवलं आणि जॅकेटच्या वरून घालायचा दोन मापं मोठा रेनसूट घेतला. बाहेरचं कापड भिजू द्यायचंच नाही.

मुंबई, घरपोच डिलिव्हरी, रोज दहा-अकरा तास

जांघेतून. शंभरातल्या नव्वद जणांना तिथूनच शिरत असणार. बसल्यावर पोटावरचं, मांडीवरचं पाणी ओघळत सीटवर येतं, त्याचं डबकं होतं आणि आपण त्या डबक्यात बसून असतो. वरून आपलं वजन. पँटच्या चार शिलाया नेमक्या तिथेच एकत्र येतात. आतून शिलाईवर पट्टी चिकटवलेली असते, ती महिनाभर घासून सुटते आणि मग काही खरं नाही.

दुकानात पँट घेताना आता मी तीन गोष्टी बघतो. उलटी करून जांघेतली पट्टी नखाने उचलून बघायची. दुकानदार रागावला तरी चालेल. बसायच्या जागी एकसलग तुकडा किंवा दुहेरी कापड असेल तर उत्तम. आणि उभं राहून माप घ्यायचं नाही. दुकानातल्या स्टुलावर गाडीवर बसल्यासारखं बसायचं. उभ्याने बरोबर आलेली पँट बसल्यावर वीतभर वर जाते, नडगी उघडी पडते आणि सगळं पाणी बुटात.

हे लिहायला संकोच वाटतो, पण आमच्यातल्या कितीतरी पोरांना पावसाळ्यात जांघेत नायटा होतो. ओल्यावर दिवस काढू नका. मी डिक्कीत प्लॅस्टिकच्या पिशवीत सुक्या चड्ड्या ठेवतो आणि दुपारी बदलतोच. महागड्या जॅकेटपेक्षा मला त्याने जास्त आराम दिला आहे.

वाई, शाळा पाचगणीला, स्कूटर

जून ते सप्टेंबर रोज पसरणी घाट. वर महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, त्यातला आमच्या वाट्याचा आम्ही घाटात घेतो.

मी पहिली चार वर्षं पोंचो वापरला, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल रेनकोट, कारण तो साडीवरून घालता येतो. एकदा वाऱ्याने त्याचा मागचा सोगा उडाला आणि मागच्या चाकात अडकला. गळ्याला हिसका बसला आणि मी गाडीसकट उजवीकडे, म्हणजे सुदैवाने डोंगराच्या बाजूला पडले. भगिनींनो, घाटात पोंचो नको. ओढणीचं जे आपण एकमेकींना सांगतो, तेच पोंचोला लागू आहे. आता शाळेत साडी नेसते, प्रवास पँट-जॅकेटात करते.

पण आमच्या मापाचं मिळणं ही वेगळीच लढाई आहे. पुरुषांचं लहान माप घेतलं की खांदे लोंबतात आणि कोपराचा गार्ड मनगटाकडे घसरतो. पडल्यावर कोपर उघडं ते उघडंच. मी शेवटी पट्ट्यांनी बांधायचे सुटे गार्ड घेतले. ते आधी बांधायचे, वरून साधा पण नीट मापाचा रेनसूट. दिसायला कसं का असेना, गार्ड जागचा हलत नाही.

निफाड, द्राक्षबाग, पहाटेची फेरी

आमच्याकडे पावसापेक्षा थंडीचं बोला. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो आणि पाणी द्यायला वीज मिळते ती रात्री नाहीतर पहाटे.

वडील दुधाच्या फेऱ्या करायचे. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालायचे. लहानपणी हसायचो. आता कळतं, स्वेटर ऊब धरतो पण वारा अडवत नाही, कागद वारा अडवतो. हवामानखात्याची मंडळी वाऱ्याने जाणवणाऱ्या गारठ्याचं एक सूत्र वापरतात. त्यानुसार १० अंशांत ताशी ६० किलोमीटरने निघालात तर उघड्या कातडीला ५ अंश जाणवतं आणि ५ अंशांत उणे २ च्या आसपास. म्हणून स्वेटरवर स्वेटर चढवण्यापेक्षा एक स्वेटर आणि त्यावर पावसाळी जॅकेट घाला. ज्यात पाणी शिरत नाही त्यात वाराही शिरत नाही. माझा रेनसूट बारा महिने गाडीला बांधलेला असतो.

हातमोज्यांचंही तेच. लोकरीचे नुसते घातले तर वारा आरपार जातो. मी त्यावरून भांडी घासायचे रबरी मोजे एक माप मोठे घालतो. बोटं शाबूत राहतात. मात्र आतला मोजा पातळच हवा. जाड घालून वरचा घट्ट बसला की रक्त पोचत नाही आणि बोटं उलट लवकर बधिर होतात. माकडटोपी हेल्मेटखाली घालणाऱ्यांनी हेल्मेट घट्ट बसतंय ना आणि पट्टा हनुवटीखाली नीट लागतोय ना ते बघावं. जाड लोकरीची चालत नाही, पातळ कापडाची घ्या.

पुणे, मनाली–लेह, ऑगस्ट

पाणी बुटाच्या वरून शिरलं आणि आतच राहिलं. माझ्या अनुभवाचं सार एवढंच, पण त्या एका चुकीने माझी रात्र गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही चौघं होतो. केलाँगहून निघायला उशीर झाला, कुणाची तरी चेन सैल झाली होती. लडाखच्या रस्त्यावरचे नाले हे वितळलेल्या बर्फाचे असतात. सकाळी घोट्याएवढं पाणी असतं, ऊन चढलं की दुपारनंतर तेच गुडघ्याला येतं. हे ऐकून माहीत होतं, तरी आम्ही बारालाचा खिंडीच्या अलीकडचा मोठा नाला भर दुपारी ओलांडायला घेतला. माझी गाडी मधोमध बंद पडली. मी पाय टेकले आणि दोन्ही बूट वरून भरले.

माझे बूट चांगले होते, पाणी न शिरणारे. पण ज्या बुटात बाहेरून पाणी शिरत नाही, त्यातून आतलं बाहेरही पडत नाही. पलीकडे जाऊन ओतून टाकले, तरी आतलं अस्तर स्पंजासारखं भिजलेलं. पुढे बारालाचा, म्हणजे ४,८०० मीटरच्या वर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, हे भूगोलात शिकलो होतो, ते पायाच्या अंगठ्यात शिकलो. सरचूच्या तंबूत पोचेपर्यंत दोन्ही पायांची बोटं जाणवत नव्हती. मी गप्प झालो होतो, विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं तुटक देत होतो. सोबत्यांना वाटलं विरळ हवेचा त्रास. तंबूवाल्याने बूट काढायला लावले, पाय कोरडे करून रजईत गुंडाळले. चोळू दिले नाहीत आणि शेकोटीजवळही नेऊ दिले नाहीत. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही, असं तो म्हणाला. तासाभराने बोटांत जी कळ आली ती अजून आठवते, पण ती आल्यावर जिवात जीव आला.

बूट सकाळीही ओलेच होते. मग सुके मोजे, त्यावर पावाची प्लॅस्टिकची पिशवी, मग ओला बूट, असं लेहपर्यंत गेलो. ही युक्ती लडाखलाच लागते असं नाही, लोणावळ्यालाही चालते. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोनदा बदला. आणि पुन्हा गेलो तर नाले सकाळी दहाच्या आत. त्याला पर्याय म्हणून कुठलाही बूट मिळत नाही.

ठाणे, चष्मा आहे

बाहेरून पाणी, आतून वाफ. हेल्मेटच्या काचेला आत दुसरा पारदर्शक थर लावता येतो, पिनलॉक म्हणतात. दोन थरांत हवा अडकते, म्हणून आतली बाजू थंड पडत नाही आणि वाफ धरत नाही. ज्या हेल्मेटच्या काचेला त्याच्या खुंट्या असतात त्यालाच बसतो, तेव्हा हेल्मेट घेतानाच विचारा. माझा चष्मा मात्र तरीही धुरकटतो, त्यासाठी नाकावर रुमाल बांधून श्वास खाली सोडायची सवय लावून घेतली आहे. काळी काच पावसाळ्यात काढून ठेवा. संध्याकाळी सहाला पनवेलजवळ ट्रकच्या फवाऱ्यात ती घालून मी जे काही केलं, ते पुन्हा कुणी करू नये.

धागाकर्ता

निफाडकर दादा, रेनसूट बारा महिने, हे मी उद्यापासून करतो. एक शंका सगळ्यांनाच: हातमोजा बाहीच्या आत की बाहेर?

मडगाव, तीस वर्षं गाडीवर

आत. हात हँडलवर असताना कोपर वर आणि मनगट खाली असतं. पागोळीसारखं पाणी बाहीवरून खाली येतं आणि मोज्याचं तोंड बाहेर असेल तर ते त्यासाठी नरसाळंच. पँटही तशीच, बुटावरून बाहेर.

पुणे, मनाली–लेहवाला

काका, माझ्या उंच हँडलच्या गाडीवर मनगट कोपराच्या बरोबरीला येतं आणि वारा पाणी उलट बाहीत ढकलतो. मला बाहेरून घालावा लागतो, वर घट्ट पट्टी ओढून.

मडगाव

मग तुझ्या गाडीला तेच बरोबर. घरासमोर गाडीवर बसायचं आणि पोराला कोपरावर तांब्याने पाणी ओतायला सांगायचं. दोन मिनिटांत कळतं.

लीड्स, मूळ सातारा

इथे नोव्हेंबर ते मार्च पाऊस आणि थंडी एकत्र येतात. इथल्या कुरियरवाल्यांकडून शिकलेली गोष्ट सांगते: हँडललाच मोठे पिशवीसारखे हातमोजे बांधायचे आणि त्यात हात घालायचे. सोबत विजेवर तापणाऱ्या मुठी. कितीही जाड मोज्यापेक्षा हे बरं, कारण आत पातळ मोजा चालतो आणि ब्रेकचा अंदाज जात नाही. बसवताना लिव्हर पूर्ण दाबला जाऊन मोकळा परत येतो ना, तेवढं मात्र तपासा.

डोंबिवली

माझं जॅकेट पहिल्या पावसात थेंब उडवून लावायचं, दुसऱ्या वर्षी चिंब व्हायला लागलं. कंपनीला दोष देऊन झाला. मग कळलं की चूक धुण्यात होती. नेहमीची पावडर आणि वर कपडे मऊ करणारं द्रव्य. त्याने वरचा पाणी झटकणारा लेप मरतो. आता पाणी न शिरणाऱ्या कपड्यांसाठी मिळणारं सौम्य द्रव्य वापरते, खूप खळबळते आणि लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर कोमट इस्त्री फिरवते. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. अगदीच गेला असेल तर फवारायचा मिळतो. आणि ओलं जॅकेट घडी घालून कपाटात नको. कोकणातल्या घरी एका गणपतीत माझ्या जॅकेटवर हिरवी बुरशी आली होती.

कुडाळ

मी सगळं वाचलं आणि थोडा थांबून लिहितोय. पावसात भिजायला नको म्हणून मी रायडिंग जॅकेट घरी टांगून नुसत्या रेनकोटात बाहेर पडलो. आठ किलोमीटर जायचं होतं. वळणावर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरचा चिखल होता, चाक निसटलं. वेग चाळीससुद्धा नव्हता. रेनकोटाचं कापड डांबरावर टिकलंच नाही, कोपराची आणि गुडघ्याची कातडी त्याच्यासोबत गेली. सात आठवडे घरी होतो आणि गुडघा अजून पूर्ण वळत नाही. रेनकोट फक्त पाण्यासाठी असतो. खाली गार्ड हवेतच, आठ किलोमीटरलाही हवेत. वाईच्या ताईंनी लिहिलेले सुटे गार्ड कुठे मिळतात?

वाई

दादा, मोठ्या शहरातल्या रायडिंगच्या दुकानांत मिळतात. आतल्या पॅडवर ईएन १६२१-१ (गार्डसाठीचं युरोपीय मानक) असा शिक्का आणि लेव्हल १ किंवा २ लिहिलेलं बघा. २ जास्त धक्का शोषतो. गुडघ्याचा घेताना वाकवून बघा. दुखऱ्या गुडघ्यावर वरची पट्टी टोचते, ती मी आतून मऊ सुती कापड शिवून घेतली आहे. माप कळवलंत तर तसंच शिवून देते.