दोरी दिसताच आडवी पडते. साताऱ्यात कुणी भित्र्या कुत्र्याला फिरायची सवय लावली आहे का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आमच्याकडे तांबू नावाची गावठी कुत्री आहे. डॉक्टरांनी दात बघून वय दोन वर्षांच्या आसपास सांगितलं. वाईकडच्या एका गोठ्यामागे ती पिल्लू असल्यापासून साखळीला बांधलेली असायची. तिथली जनावरं विकली गेली तेव्हा आम्ही तिला साताऱ्याला आणलं. नसबंदी झाली आहे, रेबीजची लसही दिली आहे.

घरात अगदी गुणी आहे. सासूबाई भाकरी करायला लागल्या की स्वयंपाकघराच्या दारात बसून राहते. गच्चीवर मोकळी धावते, जिने चढते-उतरते. पण गळ्यातल्या पट्ट्याला दोरीचा हूक लागल्याचा आवाज झाला की संपलं. जमिनीला चिकटते, शेपूट पोटाखाली, कान मागे, डोळ्यांतला पांढरा भाग दिसायला लागतो. कधीकधी जागेवरच शू होते. उचलून फाटकाबाहेर ठेवलं तर तिथेच बसकण मारते. बाहेर चिकनचा तुकडा नाकाशी धरला तरी तोंड फिरवते आणि घरात तोच तुकडा हातातून ओढून घेते. मध्यंतरी मागे मागे सरकत पट्ट्यातून डोकं काढलं आणि अजिंक्यताऱ्याच्या उताराकडे पळाली. अंधार पडायच्या बेताला झुडपात सापडली. तेव्हापासून फाटक उघडायचं म्हटलं की माझ्याच पोटात गोळा येतो.

सासऱ्यांचं म्हणणं आहे, चार दिवस ओढत ने, पाचव्या दिवशी आपोआप चालेल. मला ते करवत नाही, पण दुसरा मार्गही माहीत नाही. आम्ही शाहूनगरात राहतो, गल्लीत भटकी कुत्री आहेत आणि समोर बांधकाम चालू आहे. शी-शू गच्चीवर होते, त्यामुळे बाहेर न्यायची घाई नाही. पण तिचं सगळं आयुष्य आधी साखळीला आणि मग गच्चीवर जावं, हे मनाला पटत नाही. पट्टा बदलू का? घरात सवय लावायची ती नेमकी कशी? यावर औषध असतं का?

माहुलीकर

ताई, तिच्या दोन वेगळ्या भीती एकमेकींत गुंतल्या आहेत. एक गळ्याला बसणाऱ्या ताणाची, दुसरी फाटकाबाहेरच्या गोंगाटाची. दोन्ही एकदम सोडवायला जाऊ नका. सध्या फाटक विसरा.

गळ्यातला पट्टा फक्त फोन नंबरच्या बिल्ल्यासाठी ठेवा. दोरी लावायला छातीचा हार्नेस घ्या. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून साध्या हार्नेसमधूनही निसटतं, म्हणून बरगड्यांच्या मागे, पोटाभोवती आणखी एक पट्टा असलेला मिळाला तर तोच घ्या. बाहेर नेताना दोरी हार्नेसला आणि दुसरी बारीक दोरी गळ्यातल्या पट्ट्याला, अशी दुहेरी सोय ठेवा. साखळी नकोच. तिचा आवाज तांबूनं लहानपणापासून ऐकलाय. बटण दाबून लांब होणारी दोरीही नको. तिची मूठ हातातून सुटली की खडखडत कुत्र्याच्या मागे येते आणि ते आणखी पळत सुटतं.

आता सवय. हार्नेस काही दिवस जेवणाच्या भांड्याशेजारी नुसता पडू दे. मग त्याच्या गळ्याच्या फटीतून तुकडा पुढे करा, तिनं स्वतः डोकं घातलं पाहिजे, आपण घालायचं नाही. हुकाचा आवाज वेगळा शिकवा. ती लांब असताना हूक वाजवायचा आणि लगेच चण्याएवढा चिकनचा तुकडा द्यायचा. आधी आवाज, मग खाणं, हा क्रम उलटू नका. उलटला तर चिकन दिसलं की आता हूक वाजणार, असं ती शिकते आणि चिकनलाच घाबरायला लागते. आवाजावर ती तुमच्याकडे आशेनं बघायला लागली की हार्नेस घालून जेवण, मग तुमच्या नजरेसमोर हलकी दोरी घरभर ओढत फिरणं, मग दोरीचं टोक हातात पण ताण शून्य. गच्चीवर हे सगळं निवांत जमल्यावर फाटक.

खाणं नाकारणं हा हट्ट नसतो. भीती फार वाढली की कुत्र्याला खाववत नाही. तेव्हा तुकडा नाकाला लावत बसू नका, एक पायरी मागे या.

आणि पहिली फेरी तुमच्याच गल्लीत व्हायला हवी असं कुठे आहे? गाडीत बसायची सवय असेल तर गर्दी नसताना संगम माहुलीला आणा. आमच्याकडे साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघाच्या तावडीतून त्यानं महाराजांना वाचवलं अशी कथा सांगतात. कृष्णा-वेण्णेच्या काठाला मोकळी जागा आहे, नवखं कुत्रं निवांत वास घेत उभं राहू शकतं.

जतचा_कारवानी

आमच्याकडे पिढ्यानपिढ्या कारवानी जातीची शिकारी कुत्री आहेत. लहानपणीच दोरी लावून रानात नेतो, थोडं ओढावं लागतं, मग चालतात. फार लाड केले तर कुत्रं घरकोंबडं होतं असं माझं मत.

पशुवैद्य_कराड

जतच्या दादांचा अनुभव खरा आहे, पण तो पिल्लांचा आहे. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं असल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत नवीन गोष्टी सहज स्वीकारतं. तांबूचा तो काळ साखळीला गेला. मोठ्या भित्र्या कुत्र्याला ओढलं की ते काही वेळा खरंच चालायला लागतं, पण शेपूट खाली आणि अंग ताठ. ती सवय नसते, सुटका नाही हे कळल्यावर त्यानं धीर सोडलेला असतो. अशी कुत्री पुढे एखाद्या दिवशी चावतात आणि घरच्यांना वाटतं, अचानक झालं.

ताई, आधी तपासणी करून घ्या. मान, कान, कंबर, पंजे. कानात संसर्ग असेल किंवा जुन्या साखळीनं मानेला दुखापत झाली असेल तर हात लागताच ती आडवी पडणारच. आपल्याकडे गोचीड-ताप फार, त्यातही सांधे दुखतात. रक्त तपासून घ्या. जवळपास सोय नसेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

भीती कमी करणारी औषधं असतात, पण ती तपासणीनंतर आणि वजनाप्रमाणे. शिकवणं चालू ठेवून त्यांचा उपयोग होतो. नुसती गुंगी आणणारी गोळी मागू नका, त्यात शरीर ढिलं पडतं आणि भीती आत तशीच राहते. माणसांच्या गोळ्या तर अजिबात नकोत.

शेपूट आत जाण्याआधी बारीक खुणा दिसतात: ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवणं, एक पंजा उचलून थबकणं. तिथेच थांबलात तर पुढचा गोंधळ होत नाही. आणि एखाद्या दिवशी ती फार घाबरली, तर पुढचे एक-दोन दिवस सराव बंद. धक्का लगेच उतरत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तपासणीत डाव्या कानात संसर्ग निघाला, औषध चालू केलंय. हूक-चिकनचा खेळ सुरू केला आणि आता हूक वाजला की ती स्वयंपाकघरातून उठून माझ्याकडे येते! सासरेच आता चिकन बारीक चिरून डब्यात भरून ठेवतात.

एकच विचारते. पुढे फाटकाची वेळ येईल तेव्हा उचलून बाहेर ठेवू की आतूनच सुरुवात करू? आणि पहाटे गल्ली शांत असते, तेव्हा नेलं तर चालेल का?

माहुलीकर

उचलू नका. उचललं की निर्णय तिच्या हातात राहत नाही. दुहेरी दोरी लावून फाटक उघडा, तुम्ही दोघी आतच उभ्या राहा, तिनं बाहेर बघितलं की तुकडा. बाहेर पाऊल टाकलं नाही तरी त्या दिवसाचं काम झालं. पाऊल टाकलं आणि लगेच मागे वळली तर तुम्हीही वळा, परतीचा रस्ता नेहमी मोकळा ठेवा. सरावासाठी बांधकामाची सुट्टी असेल तो दिवस निवडा.

पहाटे मात्र नको. तुमच्या बाजूला, किल्ल्याच्या पायथ्याला बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतात आणि कुत्रं हे त्याचं आवडतं भक्ष्य. चांगलं उजाडू द्या. उन्हाळ्यात डांबराला हाताची मागची बाजू टेकवून बघा, पाच सेकंद सोसवली नाही तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही.