चर्चा: समुपदेशनाच्या शोधनियतकालिकांनी लेखकाचे नाव समीक्षकांपासून झाकावे का?

धागाकर्ता
अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या ‘जर्नल ऑफ कौन्सेलिंग सायकॉलॉजी’कडे शोधनिबंध पाठवताना लेखकाला आपले नाव, संस्था आणि ओळख पटेल असा प्रत्येक उल्लेख मजकुरातून काढावा लागतो, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या समीक्षकांना तो कोणाचा हे कळत नाही. ही पद्धत कायम राहावी, असे माझे ठाम मत आहे. पीटर्स आणि सेसी यांच्या १९८२ च्या अभ्यासात, नामांकित विद्यापीठांतील लेखकांचे आधीच छापून आलेले १२ मानसशास्त्रीय निबंध बनावट नावे आणि अनोळखी संस्था लावून त्याच नियतकालिकांकडे पुन्हा पाठवले होते. तीन निबंधांचे बिंग फुटले. उरलेल्या ९ पैकी ८ नाकारले गेले, आणि तेही बहुतेकदा संशोधनपद्धतीत गंभीर दोष असल्याचे सांगून. आडगावच्या महाविद्यालयातील संशोधकाला झाकलेल्या नावाइतके दुसरे संरक्षण नाही.

प्रतिसाद १ (असहमत)
त्या अभ्यासात तेच निबंध मूळ नावांनिशी पुन्हा पाठवून तुलना केलेली नव्हती. त्यामुळे नकाराचे खापर केवळ नावांवर फोडता येत नाही. शिवाय समुपदेशनातले पुष्कळ संशोधन मुलाखतींवर उभे असते आणि त्याच असोसिएशनची २०१८ ची गुणात्मक संशोधनाची मानके संशोधकाने स्वतःची पार्श्वभूमी व सहभागींशी आधीपासून असलेले नाते सांगावे, असे म्हणतात. ऊसतोड कामगार स्त्रियांशी बोलणारी संशोधक त्यांच्यातलीच आहे की बाहेरून आलेली, हे कळल्याशिवाय तिने लावलेला अर्थ समीक्षकाने तपासायचा कसा? आणि तिने ते लिहिले, तर एवढ्याशा क्षेत्रात ती कोण हे लगेच ओळखू येते.

धागाकर्ता
‘मी याच तालुक्यात वाढले, सहभागींची बोली माझीही आहे’ हे नाव न सांगता लिहिता येते. काढायचे असतात ते ‘आमच्या मागील अभ्यासात’ असे उल्लेख, ऋणनिर्देश, परवानगी देणाऱ्या नीतिसमितीचे नाव आणि फाईलच्या गुणधर्मांत हमखास राहून जाणारे लेखकाचे नाव. समीक्षकाने तरीही अंदाज बांधला, तर तो अंदाजच राहतो.

प्रतिसाद २ (असहमत)
मला समीक्षकाचे नाव झाकण्यावर जास्त आक्षेप आहे. लेखकाने कित्येक महिने वाट पाहावी आणि ‘नमुना अपुरा, सैद्धांतिक पाया कच्चा’ एवढ्या एका ओळीवर त्याची बोळवण व्हावी, याची जबाबदारी कोणी घ्यायची? ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ मध्येच समीक्षकांची नावे लेखकांना कळवायला सुरुवात केली.

प्रतिसाद ३ (धागाकर्त्याशी सहमत)
‘बीएमजे’ने स्वतः घेतलेल्या चाचणीत नाव उघड केल्याने अभिप्रायांच्या दर्जात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, समीक्षणाला नकार देणारे मात्र वाढले. नुकतीच पीएचडी झालेल्या समीक्षकाने ज्येष्ठ प्राध्यापकांचा निबंध नाकारावा आणि उद्या तेच त्याच्या मुलाखतीच्या समितीवर असावेत, ही भीती आपल्याकडे तर फार खरी आहे. एका ओळीचा अभिप्राय कारणे मागून समीक्षकाकडे परत पाठवण्याचा अधिकार संपादकांना आहे, आणि प्रतिसाद २ मधील तक्रार त्यांच्याकडेच जायला हवी.