आधी क्षमा की आधी भरपाई?

सदरकर:
वडिलांचं मोहननगरचं घर विकताना मी धाकट्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. कागद कसला, हे तिला धड सांगितलं नाही. त्यानंतर ११ वर्षं दर रविवारी नागपुरातल्या सदर भागात चर्चमध्ये जायचो, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, घ्यायचो आणि रात्री ३ वाजता टक्क जागा असायचो. यंदा गुड फ्रायडेला बाकावर बसल्या बसल्या पहिल्यांदाच मनात म्हटलं, 'प्रभू, मी चोर आहे.' बाबांचं दुखणं मी काढलं, तिच्या लग्नाला खर्च मी केला, यातलं काहीही जोडलं नाही. त्या रात्री झोप लागली. दुसऱ्या दिवशी कामठीला तिच्या घरी गेलो. माझ्या बाबतीत शांती आधी आली, हिशेब नंतर. देवाने आधी जवळ घेतलं नसतं, तर तिच्या दारात उभं राहायची हिंमतच झाली नसती.

वर्धा रोडची लेक:
दादा, मी तुमच्या बहिणीच्या जागी आहे. माझ्या भावानेही अशीच सही घेतली. आता तो चर्चच्या मंडळीत सगळ्यांपुढे साक्ष देतो की देवाने त्याला क्षमा केली. माझ्याकडे मात्र अजून फिरकलेला नाही. बुडालं माझं, आणि क्षमा देवाने परस्पर देऊन टाकली? बायबलमधल्या मत्तयाच्या ५व्या अध्यायात प्रभूच सांगतो ना, वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आधी! कृपा एवढी सोपी करून सांगू नका. माझ्यासारखीला ती ऐकवत नाही.

दीक्षाभूमीजवळून:
माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथंच धम्मदीक्षा घेतली. आमच्याकडे बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. माझ्या चुकीचं ओझं दुसऱ्या कुणी उचलावं, हे मला पटत नाही. पण ताई, तुमचा भाऊ क्षमा मिळाली म्हणून थांबला, की यायचंच नव्हतं म्हणून क्षमेचं नाव घेतोय?

निवृत्त शिक्षक, छावणी:
बायबलमधला जक्कय आठवा. लोकांना लुबाडणारा तो जकातदार येशूला बघायला झाडावर चढला होता तेव्हा येशू म्हणाला, आज मी तुझ्याच घरी उतरणार. तोवर जक्कयने दमडीही परत केली नव्हती, म्हणजे कृपा आधी आली, हे सदरकरांचं खरं. पण त्याने निम्मी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं, त्यानंतरच 'आज या घराला तारण प्राप्त झालं', म्हणजे उद्धार झाला, असं प्रभू म्हणतो. पश्चात्तापासाठी मूळ ग्रीक शब्द आहे मेटानोइया, मन पालटणं. ज्याचं मन पालटलं त्याचे पाय घरी कसे बसतील? त्या भावाची साक्ष मी तरी अर्धीच धरीन.

वर्धा रोडची लेक:
सर, चौपट राहू द्या, मुद्दलही नको. त्याने येऊन 'मी फसवलं' एवढं म्हणावं. ते होईपर्यंत त्याच्या शांतीला मी शांती म्हणणार नाही.

सदरकर:
ताई, तुमचं बरोबर आहे. ती ११ वर्षं मी प्रभुभोजन घेत राहिलो, ते घ्यायला नको होतं. कामठीला बहिणीने दार उघडलं, पण 'बस' म्हणाली नाही. तोंडी नको, लेखी दे म्हणाली. आणि वाटा तेव्हाच्या किमतीने नाही, आजच्या भावाने. कोराडी रोडचा प्लॉट विकायला काढलाय. क्षमा मागायला पुन्हा जाईन, पण तिचे पैसे तिच्या खात्यात पोचल्यावर. नाहीतर तिला वाटेल, पैसे वाचवायला आलो.