मदत हवी आहे : शुगर-फ्री गमने दात आंबतात का?

सांजवात७
गेला दीड महिना शुगर-फ्री च्युइंगम चघळतोय. साखर नाही म्हणून निर्धास्त होतो. पण आता गार पाणी प्यायलं की पुढचे खालचे दात झणकन शिवशिवतात, काल तर दहीभातानेही आंबले. त्यातल्या स्वीटनरचा परिणाम आहे का? सोमवारपर्यंत दवाखाना बंद आहे, लवकर सांगा.

पाटावरवंटा
कुठला गम? दिवसाला किती? आधीपासून कीड आहे का? इतक्या माहितीवर कोण काय सांगणार?

हिमकण
झायलिटॉल या स्वीटनरचा गम घ्या, डोळे मिटून. मी फिनलंडमध्ये राहते. इथे पाळणाघरात जेवण झालं की मुलांना झायलिटॉलची गोळी देतात. १९७०च्या दशकात तुर्कूमध्ये यावर मोठं काम झालं. कीड लावणाऱ्या जंतूंना झायलिटॉल पचवून आम्ल करता येत नाही. सॉर्बिटॉल ते पचवतात, जरा सावकाश इतकंच.

दंतकथा
झायलिटॉलचं इतकं कौतुक नको. कोक्रेन ही वैद्यकीय संशोधन पडताळणारी संस्था आहे, तिच्या २०१५च्या आढाव्यात गमसाठीचा पुरावा अपुराच ठरला होता. खरं काम लाळ करते. जेवणानंतर २० मिनिटं चघळलं की लाळ सुटते आणि तोंडातलं आम्ल उतरतं. स्वीटनर कुठलाही असो.

हिमकण
मग दिवसभर नुसती लाळ सुटावी म्हणून सुपारी चघळायची का? जंतूंचं काय?

निवांत_नाना
२०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेम या स्वीटनरला 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलंय. आमच्या घरात गम पूर्ण बंद.

दंतकथा
नाना, त्याच वेळी रोजची मर्यादा मात्र शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅमच कायम ठेवली. आणि प्रश्न दात आंबण्याचा आहे.

मोतीची_आई
घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचं पाकीट उंचावर ठेवा. कुत्र्याची रक्तशर्करा एकदम खाली येते, जीवही जातो. लोकांना हे माहीत नसतं.

सांजवात७
कुत्रा नाही. पाकिटावर ४२०, ४२१, ९५१, ९५०, ३३० असे आकडे आहेत. लिंबाच्या चवीचा आहे. दिवसाला १०-१२ होतात. हो, पोटही ढिलं आहे.

दंतकथा
मग स्वीटनर दात आंबवत नाहीये. ४२० सॉर्बिटॉल, ४२१ मॅनिटॉल. ही दोन्ही आतड्यात पाणी ओढतात, म्हणून पोट ढिलं. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, तो आहे लिंबाचा आंबटपणा. तोंडाचा सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. १०-१२ वेळा हा मारा चालू आहे, साखर असो वा नसो. लिंबाचा बंद करा, साधा पुदिन्याचा घ्या, ३३० नाही ना ते वाचून. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रशही करू नका.

पाटावरवंटा
पण १०-१२ कशासाठी लागतात?

सांजवात७
तंबाखू सोडलीये. ४१ दिवस झाले. तोंडात काहीतरी लागतं. हे आधी लिहायला हवं होतं, पण प्रश्न गमचा होता म्हणून राहिलं.

पाटावरवंटा
हेच तर विचारत होतो. विडी की मळलेली? मळलेली असेल तर कुठे ठेवायचात?

सांजवात७
मळलेली. खालच्या ओठाच्या आत. ११ वर्षं.

पाटावरवंटा
मग आरशासमोर उभे राहा आणि बॅटरीने बघा. तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. माझं असंच झालं होतं, थंड पाण्याने जीव जायचा. डॉक्टरांना ओठाच्या आतली कातडीही दाखवा. पांढरा चट्टा आहे का ते त्यांनाच पाहू द्या. आणि काहीही झालं तरी परत पुडीला हात लावू नका. तलफ आली तर १८००-११-२३५६ ला फोन करा, मोफत आहे, मला फार आधार झाला.

निवांत_नाना
४१ दिवस! शाब्बास. सकाळी बाभळीची काडी चावा, हिरड्या घट्ट होतात.

दंतकथा
नाना, सरकलेल्या हिरडीवर काडी नको. मऊ ब्रश, हलका हात.

सांजवात७
पाहिलं. खालच्या मधल्या दोन दातांची हिरडी नखभर उतरलीये, मूळ पिवळसर दिसतंय. चट्टा वाटत नाही, पण सोमवारी सकाळचा नंबर लावलाय. पुदिन्याचा गम आणला, त्यात ३३० नाही. आईने डबीत बडीशेप भरून दिलीये. आणखी एक, कानाजवळ जबडा कटकट वाजतो. हेही गममुळेच का?