मदत हवी आहे: पो-२ विमान जमिनीवर सरळ चालेना

मंडळी, मी बेळगावजवळच्या सांबऱ्याचा. विमानतळ हाकेच्या अंतरावर, आणि मला काँप्युटरवरचं विमान धावपट्टीपर्यंत नेता येईना! लढाऊ सिम्युलेटरमध्ये (विमान उडवायच्या खेळात) सध्या पो-२ घेतलंय. पहिलं उड्डाण १९२० च्या दशकातलं, रशियन, दुपंखी. चाकांना ब्रेक नाहीत, शेपटीखाली चाकाऐवजी नुसता स्किड, म्हणजे घसरती दांडी. हवेत गरीब गाय, जमिनीवर बुजरा खोंड. नाक डावीकडे गेलं की उजवा रडर (शेपटीवरचं सुकाणू) पुरा देतो. क्षणभर काहीच नाही, मग गर्रकन फिरून खालचा पंख गवतात. काल सलग सात वेळा.

एवढं कळलंय की वजन मुख्य चाकांच्या मागं असल्यानं शेपूट पुढं यायला बघते, आणि पंख्याचा वारा लागला तरच रडर चालतो. म्हणून थ्रॉटलचे (इंजिनाची ताकद वाढवायच्या दांड्याचे) छोटे झटके दिले, तर वेगच वाढतो. मग थांबवायचं कशानं?

जमिनीवर शेपूट दाबून ठेवायला स्टिक पोटाशीच धरायची ना? मागून वारा असेल तेव्हाही? पेडल नाहीत, जुन्या जॉयस्टिकची दांडी पिळूनच रडर देतो. त्याची कर्व्ह (दांडी किती पिळली की रडर किती वळतो ते सेटिंग) कुणी किती ठेवलीय? आकडे सांगा.

धाकटा भाऊ म्हणतो, बैलं जुंप.