धावपट्टी वाढतेय, हरकत कशी लिहू? मदत हवी आहे

विमानतळाच्या विस्तारावर लेखी हरकत द्यायची आहे. पर्यावरण अहवाल वाचला, पण दोन ठिकाणी अडलोय.

तोडायच्या झाडांची यादी फक्त कुंपणाच्या आतली आहे. विमानाच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेत उंच काही चालत नाही, म्हणजे बाहेरचीही झाडं छाटली किंवा पाडली जाणार. ती कुठे धरतात? शिवाय 'एका झाडामागे इतकी रोपं' हा हिशेब मला तरी पटत नाही. पिंगळा (छोटं घुबड) जुन्या झाडाच्या ढोलीत राहतो. रोपाला ढोली पडायला कित्येक दशकं लागतात.

दुसरं, पाणथळ जागा. ती बुजवली की पक्षी शेजारच्या तळ्यावर जाणार, म्हणजे कदाचित पुन्हा विमानांच्या वाटेतच. २००९ मध्ये न्यूयॉर्कला कॅनडा गीज (मोठे पाणपक्षी) इंजिनांत शिरले आणि विमान हडसन नदीत उतरवावं लागलं, आठवतंय ना? आणि इथे पक्षीगणना केलीय ती भर उन्हाळ्यात! हिवाळी पाहुणे त्यात दिसणारच कसे?

वर्षभराची गणना मागायची तर मुद्दा कसा मांडावा? काँक्रीटवरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याबद्दल काय विचारावं? कुणी अशी हरकत लिहिली असेल तर मसुदा दाखवाल का?